मोटार कुणी जाळली?

मोटार जळली की पहिला संशय ती भरणाऱ्यावर येतो. तार हलकी वापरली असेल, वेढे कमी घातले असतील, वॉर्निश नीट सुकवलं नसेल. मिस्त्रीच्या हातातून गेलेली वस्तू बिघडली म्हणजे मिस्त्रीच दोषी, असा आपल्याकडे अलिखित कायदा आहे. ज्या घरांत हाताचं काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं, तिथल्या लोकांना हा कायदा समजावून सांगावा लागत नाही. आमच्या नात्यात वाइंडिंगवाले, वेल्डर, फिटर, रेडिएटरवाले असे बरेच जण आहेत. जेवायला बसल्यावर कुणाचं बिल अडलं आणि कुणी गॅरंटीत काम फुकट करून घेतलं, याच गोष्टी लहानपणापासून ऐकल्या.

माझे एक चाचा लोणावळ्यात मोटारी भरतात. शाळा आठवीत सुटली, मग उस्तादांच्या हाताखाली सहा वर्षं, आणि पुढे स्वतःचं छोटं दुकान. मी पुण्यात डिप्लोमाच्या मुलांना इलेक्ट्रिकल शिकवते. मी फळ्यावर जे काढते ते चाचांच्या बोटांत असतं, असं अम्मी नेहमी म्हणते. त्यात मायेचा भाग आहे, पण ते खोटं नाही.

तुंगार्लीच्या उतारावरच्या एका बंगल्यांच्या सोसायटीचं काम चाचांकडे होतं. विहीर खाली ओढ्याजवळ, बंगले वर चढत गेलेले. विहिरीवर साडेसात हॉर्सपॉवरचा पंप. साध्या स्टार्टरवर तो अकरा वर्षं चालला. मग सगळ्यात वरच्या बंगल्यात नळाला धार येत नाही अशी तक्रार झाली, म्हणून सोसायटीने व्हीएफडी ड्राइव्ह बसवला. पाण्याचा दाब कमी झाला की ड्राइव्ह मोटार जोरात फिरवतो, दाब वाढला की हळू करतो. लोणावळ्याचा पाऊस लक्षात घेऊन तो विहिरीवर न ठेवता वर गेटजवळच्या पॅनलरूममध्ये ठेवला, आणि तिथून खाली मोटारीपर्यंत १२० मीटर केबल टाकली. काम नीटनेटकं होतं. नळाला धारही छान आली.

पाच महिन्यांत मोटार जळली. तेव्हा तिच्यात कंपनीचं मूळ वाइंडिंग होतं. चाचांनी ती भरून दिली. सात आठवड्यांत पुन्हा जळली. "अकरा वर्षं काही झालं नाही, तुमचा हात लागला आणि दोन महिने टिकली नाही," असं चाचांना ऐकवण्यात आलं. चाचांनी वाद घातला नाही, दुसऱ्यांदा फुकट भरून दिली. तिसऱ्यांदा जळाली तेव्हा लोणावळ्यातल्या आणखी दोन गिऱ्हाइकांनी आपली कामं दुसरीकडे नेली. गाव लहान आहे, बातमी लवकर पोहोचते.

मी त्या रविवारी घरी गेले होते. चाचांनी टेबलावर तीन जळकी कॉइल ठेवली. जुनं तांबं भंगारात किलोवर जातं, पण ही त्यांनी बाजूला काढून ठेवली होती. म्हणाले, "जली तो पूरी जलती ना? ये एकीच जगे पे कायकू जली?"

त्यांच्या प्रश्नात निम्मं उत्तर होतं. मोटार कशाने जळली हे वाइंडिंगच्या रंगावरून कळतं. जास्त लोड पडला तर तिन्ही फेजच्या कॉइल सारख्याच काळ्या पडतात. एक फेज गेला तर स्टार जोडणीत दोन फेजच्या कॉइल जळतात आणि तिसरीच्या चकचकीत राहतात. बेअरिंग जाऊन रोटर घासला तर स्टेटरच्या पत्र्यावर ओरखडे दिसतात. इथे यातलं काहीच नव्हतं. बाकीचं वाइंडिंग नव्यासारखं होतं, आणि तिन्ही वेळा जळकी जागा एकाच ठिकाणी होती: केबलची तार जिथे आत शिरते त्या पहिल्या कॉइलमध्ये, शेजारशेजारच्या दोन वेढ्यांत, मटाराएवढा काळा डाग. तीनपैकी एक कॉइल कंपनीने भरलेली होती. हलक्या तारेचा आरोप तिथेच निकालात निघायला हवा होता, पण मिस्त्रीने दाखवलेला डाग पुरावा मानला जात नाही. त्याला आकडे लागतात. ते काढायचं काम मी घेतलं.

ते काम समजायला लोणावळ्याच्याच एका जुन्या गोष्टीकडे वळावं लागेल.

घाट उतरताना खंडाळ्याच्या बाजूने खोपोलीकडे जाणारे टाटांचे मोठे पाइप आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. लोणावळा, वळवण आणि शिरवटा या तलावांचं पाणी ५०० मीटरहून जास्त खाली उतरतं आणि खोपोलीची चाकं फिरवतं. १९१५ मध्ये हे वीजघर सुरू झालं आणि मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. अशा पाइपात पाणी वाहत असताना खालचा झडप एकदम बंद केला तर काय होईल? मागून येणाऱ्या पाण्याला पुढचं थांबल्याची खबर लगेच लागत नाही. ती खबर दाबाच्या लाटेच्या रूपाने पाइपातून वर जाते, पोलादी पाइपात सेकंदाला साधारण एक हजार मीटर या वेगाने. मॉस्कोच्या पाणीपुरवठ्यावर प्रयोग करून झुकोव्हस्की यांनी १८९८ मध्ये याचं गणित मांडलं. सेकंदाला एक मीटर वेगाने वाहणारं पाणी एकदम थांबवलं, तर दाब सुमारे १०० मीटर उंचीच्या पाण्याएवढा वाढतो. घरातला नळ झटकन बंद केल्यावर भिंतीत 'ठक्' आवाज येतो, ती याच गोष्टीची लहान आवृत्ती. म्हणून अशा उंच धबधब्याच्या पेल्टन चाकांवर लोड अचानक सुटला तर पाणी एकदम बंद करत नाहीत. पाण्याची धार आधी एका पात्याने बाजूला वळवतात, आणि झडप मागाहून सावकाश मिटतो.

आता पाण्याच्या दाबाच्या जागी व्होल्टेज ठेवा, प्रवाहाच्या जागी करंट, आणि पाइपाच्या जागी केबल. समीकरणं तीच राहतात. तारायंत्राच्या लांब तारांसाठी ऑलिव्हर हेविसाइड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जी समीकरणं लिहिली, ती आणि पाइपातल्या पाण्याची समीकरणं सख्ख्या बहिणी आहेत. फ्रान्समधले इंजिनियर बर्जरॉन यांनी पाण्याच्या धक्क्यासाठी एक आलेखाची पद्धत बसवली आणि तीच विजेच्या तारांनाही लावून दाखवली. पुढे १९६९ मध्ये हर्मन डॉमेल यांनी ती संगणकावर आणली. आज विजेच्या लाटांचा हिशेब करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये 'बर्जरॉन मॉडेल' हा पर्याय दिसतो, त्याचं माहेर पाण्याच्या पाइपात आहे.

एक फरक मात्र सांगायला हवा. खोपोलीच्या पाइपात गडबड खालच्या टोकाला, झडपापाशी सुरू होते. केबलमध्ये ती वरच्या टोकाला, ड्राइव्हपाशी सुरू होते. तलावाची पातळी क्षणात चढावी आणि ती लाट बंद झडपावर जाऊन आदळावी, तसं.

ड्राइव्ह मोटारीला आपल्या घरच्यासारखी गुळगुळीत लहर देत नाही. तो ४१५ व्होल्टचा पुरवठा आधी डीसी करतो. ४१५ गुणिले १.४१४, म्हणजे सुमारे ५८७ व्होल्ट. मग हे ५८७ व्होल्ट अतिशय वेगाने चालू-बंद करत राहतो. कधी जास्त वेळ चालू, कधी कमी, आणि त्याच्या सरासरीतून मोटारीला हवी ती लहर मिळते. आतले आयजीबीटी नावाचे स्विच शून्यापासून ५८७ पर्यंत साधारण ०.१ मायक्रोसेकंदात चढू शकतात. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग.

केबलमध्ये ही चढण प्रकाशाच्या साधारण निम्म्या वेगाने धावते, म्हणजे मायक्रोसेकंदाला १५० मीटर. तुंगार्लीची १२० मीटर केबल पार करायला तिला ०.८ मायक्रोसेकंद लागतात. म्हणजे ड्राइव्हपाशी व्होल्टेज पूर्ण चढून गेलेलं असतं, तेव्हा मोटारीला त्याची खबरही नसते. मग ही लाट मोटारीवर पोहोचते. अशा चपळ लाटेसाठी मोटार जवळजवळ बंद दरवाजा असते.

बंद दरवाजा किती बंद, हे मोजायला लाटेला होणारा विरोध लागतो. हिशेबासाठी मी केबलचा ८० ओहम आणि मोटारीचा १,६०० ओहम धरला. लहान मोटारींना असेच मोठे आकडे येतात. दोघांच्या फरकाला दोघांच्या बेरजेने भागलं की १,५२० भागिले १,६८०, म्हणजे सुमारे ०.९. याचा अर्थ आलेल्या लाटेचा नऊ दशांश भाग परत फिरतो. येणारी आणि परतणारी लाट मोटारीच्या टोकावर एकमेकींवर चढतात: ५८७ गुणिले १.९, म्हणजे सुमारे १,११५ व्होल्ट.

परतलेली लाट ड्राइव्हवर आपटते आणि उलटी होऊन पुन्हा मोटारीकडे येते. २.४ मायक्रोसेकंदांनी मोटारीवरचं व्होल्टेज ११२ पर्यंत कोसळतं. ४ मायक्रोसेकंदांनी पुन्हा १,०१५ वर चढतं. घंटेवर टोला मारावा आणि ती घुमत राहावी तसं ते हळूहळू ५८७ वर स्थिरावतं. ही येरझार कागदावर तिरक्या रेघांनी काढता येते. वर्गात मुलांना मी ती तशीच काढायला लावते, कारण संगणकाने दिलेला आलेख खरा की खोटा हे ओळखायला आधी हाताने केलेला हिशेब जवळ असावा लागतो.

संगणकावर मी केबलचे एकेक मीटरचे १२० तुकडे केले. प्रत्येक तुकड्यात थोडी गुंडाळीची सुस्ती, म्हणजे इंडक्टन्स, सुमारे ०.५३ मायक्रोहेन्री, आणि थोडा विजेचा साठा, म्हणजे कपॅसिटन्स, सुमारे ८३ पिकोफॅरड. तुकडे लहान ठेवण्याचं कारण आहे. एका तुकड्यातून जायला लाटेला लागणारा वेळ चढणीच्या वेळेपेक्षा खूप कमी हवा, नाहीतर मॉडेल स्वतःच्याच लहरी तयार करतं आणि त्या खऱ्या वाटतात. तारेचा रोधही एकच आकडा धरून चालत नाही. लाट जितकी चपळ, तितका करंट तारेच्या सालीतून वाहतो आणि रोध वाढतो. ते धरलं नाही तर घंटा कागदावर खऱ्यापेक्षा जास्त वेळ घुमते. आणि मोटारीचं जे सर्किट आपण परीक्षेत काढतो, ते ५० हर्ट्झचं असतं. या वेगाला ते मुकं आहे. इथे मोटार म्हणजे वेढ्यावेढ्यांत आणि वेढ्यांपासून पत्र्यापर्यंत पसरलेले छोटे छोटे कपॅसिटर.

या शेवटच्या गोष्टीतच चाचांच्या प्रश्नाचं उत्तर होतं. नेहमीच्या पुरवठ्यावर व्होल्टेज शेकडो वेढ्यांत समान वाटलं जातं, एकेका वेढ्याच्या वाट्याला दोन-तीन व्होल्ट येतात. चपळ लाटेला आत पसरायला सवड मिळत नाही. तिचा बहुतेक भार पहिली कॉइलच झेलते. हाताने भरलेल्या मोटारीत कॉइलचे वेढे स्लॉटमध्ये जसे पडतील तसे बसतात, त्यामुळे पहिला वेढा शेवटच्या वेढ्याला टेकू शकतो. मग कॉइलभरचं सगळं व्होल्टेज दोन इनॅमलच्या पातळ थरांमध्ये येतं. तिथल्या हवेच्या बारीक फटीत डोळ्यांना न दिसणाऱ्या ठिणग्या पडतात आणि इनॅमल कुरतडलं जातं. ड्राइव्हची स्विचिंग ४ किलोहर्ट्झवर असली तर एका फेजवर सेकंदाला ८ हजार चढ-उतार होतात. दिवसाला सहा तास पंप चालला तर १७ कोटींहून जास्त टोले. अकरा वर्षं चाललेली मोटार पाच महिन्यांत का गेली, याचं मला आता नवल वाटत नाही.

हे नवं ज्ञान नाही. एरिक पर्सन यांनी १९९२ मध्येच ड्राइव्हवरच्या मोटारींमध्ये असं होतं हे गणितासह छापलं होतं. त्याआधीचे स्विच एक-दोन मायक्रोसेकंद घेत चढत असत, तेव्हा शंभरेक मीटर केबल सहज खपून जायची. स्विच दहापट चपळ झाले आणि धोक्याची लांबी सात-आठ मीटरवर आली. अमेरिकेच्या नेमा संस्थेच्या नियमांत साध्या मोटारीने १,००० व्होल्टपर्यंतचे टोले सोसावेत असं आहे, आणि ड्राइव्हसाठी बनवलेल्या मोटारीने त्याहून मोठे, तेही ०.१ मायक्रोसेकंदाच्या चढणीचे. तुंगार्लीची मोटार साधी होती आणि टोले १,१०० च्या पुढचे होते.

कॉलेजचा ऑसिलोस्कोप आणि जास्त व्होल्टेजचा प्रोब घेऊन मी आणि चाचा विहिरीवर गेलो. चाचांनी चौथ्यांदा मोटार भरून बसवली होती. साध्या मीटरवर सगळं ठीक दिसत होतं. त्याची चाल इतकी संथ असते की असे टोले त्याला दिसतच नाहीत. ऑसिलोस्कोपवर पहिला शेंडा अकराशेच्या आसपास होता, आणि दोन शेंड्यांमधलं अंतर हिशेबातल्या ३.२ मायक्रोसेकंदांच्या जवळ. चाचा बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले. मग सेक्रेटरीसाहेबांना हाक मारून त्यांनाही दाखवलं. त्यांनी मोबाइलवर फोटो काढला.

उपाय महाग नव्हता. ड्राइव्ह विहिरीशेजारी बंद पेटीत नेणं सगळ्यात बरं झालं असतं, पण ओढ्याला पूर येतो. मोटारीच्या टोकाला केबलच्या विरोधाइतका, म्हणजे ८० ओहमच्या जवळचा रोध आणि कपॅसिटर जोडला तर लाट परत न फिरता तिथेच जिरते. तोही मार्ग होता, पण विहिरीवरच्या ओलीत ती पेटी सांभाळणार कोण? शेवटी ड्राइव्हच्या तोंडाशी, कोरड्या पॅनलरूममध्ये, चढण मंदावणारा फिल्टर बसवला. धार आधी वळवून झडप सावकाश मिटवतात, त्याच विचाराचा हा धाकटा भाऊ. स्विचिंग ४ वरून २ किलोहर्ट्झवर आणली. त्याने टोल्यांची उंची कमी होत नाही, संख्या निम्मी होते. चाचांनी पहिल्या कॉइलच्या तारांवर स्लीव्ह चढवली, मध्ये जास्तीचा कागद घातला आणि वॉर्निश दोनदा दिलं. ती मोटार दोन पावसाळे चालली आहे.

चौथ्या वेळचे पैसे सोसायटीने दिले. दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळच्या भरणीची तार, वॉर्निश आणि मजुरी चाचांच्या खिशातूनच गेली. ते परत मिळावेत असं कुणी सुचवलं नाही आणि चाचांनी मागितलं नाही. मला ते खटकतं, अजूनही. गेलेल्या दोन गिऱ्हाइकांपैकी एक परत आलं.

या प्रकरणात कुणी चोर नव्हता, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ड्राइव्ह चांगला होता. केबल योग्य जाडीची होती. मोटार तिच्या कामापुरती मजबूत होती. भरणारा इमानदार होता. प्रत्येकाने आपापला तुकडा बरोबर केला आणि या तुकड्यांना जोडणाऱ्या १२० मीटरची जबाबदारी कुणाच्याच कागदावर नव्हती. अशा वेळी दोष जिथे धूर निघतो तिथे चिकटतो, आणि धूर निघालेल्या जागी सहसा सगळ्यात कमी पगाराचा, सगळ्यात कमी शिकलेला माणूस उभा असतो. त्याच्याकडे तजुर्बा असतो, पण तो मांडायची भाषा नसते. ज्यांच्याकडे ती भाषा आहे ते विहिरीपर्यंत उतरत नाहीत. आपल्या समाजातली कितीतरी मुलं आता डिप्लोमा, इंजिनियरिंग करतायत. घरात एखादा वाइंडिंगवाला, वायरमन, फिटर असेल तर त्याच्याशेजारी बसून त्याची जळकी कॉइल बघा. प्रोजेक्टला विषय मिळत नाही अशी तक्रार पुन्हा करावी लागणार नाही.

आणि जे मोटारी भरतात त्यांच्यासाठी कामाचं एवढंच. मोटार दुकानात घेतानाच विचारा: ड्राइव्हवर आहे की स्टार्टरवर? ड्राइव्हपासून मोटारीपर्यंत केबल किती मीटर? मध्ये फिल्टर किंवा चोक आहे का? उघडल्यावर जळकी जागा पहिल्या कॉइलमध्ये आहे का? उत्तरं पावतीवर लिहून गिऱ्हाइकाची सही घ्या आणि डागाचा फोटो ठेवा. चाचांच्या पावतीपुस्तकात आता त्यासाठी चार ओळी छापलेल्या आहेत. दहा मीटरहून जास्त केबल आणि फिल्टर नाही, असं लिहिलं गेलं की ते मोटार भरून देतात, पण गॅरंटीच्या रकान्यात आडवी रेघ मारतात.